उटीचं बोटॅनिकल गार्डन: किती वेळ ठेवावा, काय बघावं?

सुरंगी

नमस्कार मंडळी,

यंदा आईला घेऊन म्हैसूर-उटी करायचं ठरतंय. आई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, आता निवृत्त आहे. तिला तलावातल्या बोटी नकोत, चॉकलेटं नकोत. तिला उटीचं बोटॅनिकल गार्डन बघायचंय, आणि तेही नीट, पाट्या वाचत. ज्या टूरवाल्यांकडे चौकशी केली त्यांच्या कार्यक्रमात या बागेला पाऊण तास दिलाय. दादाच्या मते तेवढाही जास्तच, फुलांचे वाफे काय सगळीकडे सारखेच.

मला हे पटत नाही. १८४८ पासून जोपासलेली, डोंगरउतारावरची जवळपास २२ हेक्टरची बाग पाऊण तासात उरकायची असेल तर जायचंच कशाला? त्यामुळे टूर सोडून आपलं आपण जावं असं मनात आहे. जाऊन आलेल्यांनी सांगा: निवांत बघायला किती वेळ लागतो, कोणत्या दिवसांत जावं, आणि खास थांबून बघण्यासारखी झाडं कुठली? आईचे गुडघे दुखतात, तेव्हा चढाचाही अंदाज द्या.

भटका_विजू

मे महिना सोडून कधीही जा. एवढंच.

देवराई

सुरंगी, तुमच्या आईंसाठी अर्धा दिवस मोकळा ठेवा. बाग सकाळी सातला उघडते. तेव्हाच आत शिरलात तर बसेस येईपर्यंत अख्खी बाग तुमची.

आता झाडं. बहुतेक लोक हिरवळीवर फोटो काढतात, झाडाझुडपांतून साकारलेला भारताचा नकाशा बघतात आणि बाहेर पडतात. या बागेची खरी श्रीमंती तिच्या जुन्या वृक्षांत आहे. मंकी पझल म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या चिली-अर्जेंटिनाकडचं अरॉकेरिया. त्याची फांदी हाताच्या अंतरावरून बघा, स्पर्श मात्र जपून. पानं म्हणजे जाड, ताठ, त्रिकोणी खवले. फांदीभोवती मळसूत्रासारखे दाटीने बसवलेले, प्रत्येकाला टोकदार काटा. एकेक पान कित्येक वर्षं झाडावर टिकतं, त्यामुळे जुन्या फांद्यासुद्धा चिलखत घातल्यागत दिसतात. नर-मादी झाडं बहुधा वेगवेगळी असतात. तुमच्या आई हे बघायला नक्की थांबतील.

पेपरबार्कच्या बुंध्याची साल कागदाच्या गठ्ठ्यासारखी पदरापदराने सुटलेली असते, दाबली की बोट आत रुततं. मूळचं ऑस्ट्रेलियातलं झाड. तिकडच्या वणव्यांत अशी साल आतल्या जिवंत भागाला आच लागू देत नाही. कॉर्कचंही झाड आहे. भारतात ते अगदीच दुर्मिळ. कॉर्क ओकची साल काढली तरी झाड मरत नाही, नवी साल धरतं. पोर्तुगालात साधारण नऊ वर्षांनी पुन्हा काढतात.

मोहोर

माझं मत जरा वेगळं आहे. मी बंगळुरूला राहते, लालबाग कायम बघते. हैदरअलीने १७६० मध्ये सुरू केलेली, २४० एकरांची बाग. तिच्यापुढे उटीची बाग छोटी आणि गर्दीने जास्त दमलेली वाटली. हिरवळीवर लोक लोळतायत, पोरं वाफ्यांत शिरतायत, फुलं तोडून केसात माळतायत. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला याचा त्रासच होईल. झाडांवर पाट्या आहेत, पण सगळ्यांवर नाहीत.

देवराई

मोहोर, गर्दीबद्दल पूर्ण सहमत. पण लालबागेशी तुलना नको. लालबाग साधारण ९०० मीटरवर, ही २२५० मीटरच्या वर सुरू होते आणि दोडाबेट्टा शिखराच्या उतारावर चढत जाते. हिवाळ्यात पारा शून्याशी येतो. त्यामुळे लालबागेत जे जगणार नाही ते इथे फोफावतं, आणि आंबा-फणसाची तर इथे कल्पनाच करू नका. कॅमेलिया, सायप्रस, झाडासारखे वाढणारे नेचे हे सगळं बघायला एरवी हिमालय गाठावा लागेल.

आणि हो, लाल ऱ्होडोडेंड्रॉन! नीलगिरीचा हा ऱ्होडोडेंड्रॉन कुणी आणून लावलेला नाही, तो इथलाच. त्याचे जवळचे भाईबंद थेट हिमालयात, मधला सगळा दख्खन ओलांडून. हिवाळा सरता सरता फुलतो. झाड वेडंवाकडं, खोड भेगाळलेलं, आणि त्यावर रक्तासारखे लाल गुच्छ. सगळ्या परदेशी पाहुण्यांत मला हाच जास्त आवडतो.

बखरवाला

बागेचा इतिहास कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. ही बाग फुलांसाठी नव्हे, भाजीसाठी सुरू झाली. १८४० च्या दशकात उटीत राहणाऱ्या युरोपियन लोकांनी महिना तीन रुपये वर्गणी काढून भाजीचा मळा केला. बटाटे, कोबी, गाजरं परवडणाऱ्या भावात मिळावीत, एवढाच हेतू. तो नीट चालेना, तेव्हा रीतसर सरकारी बाग करायचं ठरलं आणि लंडनच्या क्यू बागेत शिकलेला विल्यम ग्रॅहॅम मॅकआयव्हर १८४८ मध्ये इथे आला.

त्याच्या हाती लागलेली जागा डोळ्यांपुढे आणा. वरच्या अंगाला दाट झाडी, खालच्या अंगाला दलदल, मधून पावसाने कापलेल्या खोल घळी. आज आपण ज्या सपाट हिरवळीवर चालतो ती दलदल होती. पाण्याला वाट काढून देणं, घळी बुजवणं, उताराला टप्पे पाडणं, या कामात दहाएक वर्षं गेली. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, या बागेत गेलात की फुलांआधी जमिनीचा उतार आणि पाण्याच्या वाटा बघा. एवढा पाऊस पडूनही माती जागेवर राहते, ही त्या माणसाची कमाई.

पुढे याच मॅकआयव्हरवर नीलगिरीतल्या सिंकोनाची जबाबदारी आली. ब्रिटिश अधिकारी क्लेमंट्स मार्कमने दक्षिण अमेरिकेतून आणवलेली रोपं आणि बी १८६० नंतर दोडाबेट्टा आणि नडुवट्टमला लावली गेली. सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन, म्हणजे हिवतापावरचं त्या काळातलं एकमेव खात्रीचं औषध. झाड तोडून साल काढली की झाड गेलं. मॅकआयव्हरने सालीच्या उभ्या पट्ट्या काढायच्या आणि उघड्या पडलेल्या खोडाला ओलं शेवाळ गुंडाळायचं, अशी पद्धत बसवली. आत नवी साल धरते, आणि तिच्यात क्विनाइनचं प्रमाणही चांगलं येतं. १८७६ मध्ये तो उटीतच वारला. तिथल्या सेंट स्टीफन्स चर्चच्या दफनभूमीत त्याला पुरलं आहे. त्या चर्चच्या छताचे मोठे वासे श्रीरंगपट्टणच्या टिपूच्या वाड्यातून आणलेले. म्हैसूरहून जाणार असाल तर दोन्ही टोकं बघून होतील.

पाऊसवेडी

बखरवाला, शेवाळाचं माहीत नव्हतं! वाचूनच जावंसं वाटायला लागलं.

मोहोर

बखरवाला, माहिती उत्तम. पण याची दुसरी बाजूही त्याच आत्मीयतेने सांगायला हवी. नीलगिरीचा माथा ओसाड नव्हता. तिथे शोला होतं. घळींतून, ओढ्यांच्या काठाने बुटक्या झाडांचं गच्च जंगल आणि मधे गवताळ टेकड्या. हे गवत पाणी धरून ठेवतं आणि वर्षभर ओढ्यांना सोडत राहतं. साहेबाला ते गवत म्हणजे वाया गेलेली जमीन वाटली. मग निलगिरीचं झाड (युकॅलिप्टस) आलं, वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) आला, सायप्रस आला, चहा आला. स्वातंत्र्यानंतरही वॅटलची लागवड चालू राहिली. आज वॅटल आपणहून पसरतोय आणि वनखात्याला तो उपटावा लागतोय. बाग बघताना ‘किती सुंदर परदेशी झाडं’ एवढंच म्हणून परत येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

बखरवाला

मान्य. बागेची गोष्ट आणि डोंगराची गोष्ट एकत्रच सांगायला हवी.

घाटमाथा

मी नोकरीनिमित्त कोइमतूरला असतो, उटीला जाणंयेणं असतं. व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

मे महिन्यात पुष्पप्रदर्शन असतं. ही प्रथा १८९६ पासूनची, २०२३ मध्ये १२५ वं प्रदर्शन झालं. हजारो कुंड्या मांडतात, फुलांच्या भल्यामोठ्या आकृत्या उभारतात. बघायला छान, पण मुंगीलाही जागा नसते. आईंना झाडं बघायची आहेत तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. इकडे त्याला दुसरा सीझन म्हणतात, बाग पुन्हा फुलवलेली असते आणि माणसं कमी. पाऊस मात्र गृहीत धरा. नीलगिरीला दोन्ही मोसमी पावसांचा वाटा मिळतो.

डिसेंबर-जानेवारीत हिरवळीवर पहाटे दहिवर गोठून पांढरा थर दिसतो. मग माळी नाजूक रोपं संध्याकाळीच झाकून ठेवतात आणि सकाळी ऊन चढायच्या आत तुषार सिंचनाने गवतावरचा बर्फ धुऊन काढतात. नाहीतर पातं करपतं. ज्याला बागकामाची आवड आहे त्याने हे एकदा उभं राहून बघावं. थंडी सोसत असेल तरच.

गाडीने येणार असाल तर ई-पास काढा. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला बाहेरच्या गाड्यांना तो लागतो. ऑनलाइन मिळतो, पैसे पडत नाहीत. २०२५ च्या उन्हाळ्यात तर नीलगिरीत दिवसाला ६००० आणि शनिवार-रविवारी ८००० गाड्यांचीच मर्यादा घातली होती. सरकारी बसने किंवा रेल्वेने आलात तर पासाची भानगड नाही. प्लॅस्टिकच्या छोट्या पाण्याच्या बाटल्यांना जिल्ह्यात बंदी आहे, नाक्यावर काढून घेतात. घरची स्टीलची बाटली बरोबर ठेवा.

म्हैसूरकडून येताना बंडीपूरचं जंगल लागतं. तो रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद. संध्याकाळी उशिरा निघू नका.

भटका_विजू

मी एका ओळीत सांगितलं ते तुम्ही सविस्तर सांगितलंत. मे सोडून!

चिंगी_आजी

मी गेले होते तेव्हा गाइडने इटालियन बाग दाखवली. पहिल्या महायुद्धातल्या इटालियन कैद्यांनी केली म्हणाला. बिचारे घरापासून इतक्या लांब येऊन फुलझाडं लावत बसले. मला फार कणव आली होती. वाफ्यांची आखणी अगदी रेघ मारल्यासारखी आहे.

बखरवाला

चिंगी आजी, ही गोष्ट सगळीकडे अशीच सांगतात, पण तिच्यात एक गाठ आहे. पहिल्या महायुद्धात इटली १९१५ पासून ब्रिटनच्याच बाजूने लढत होती. मग इंग्रजांनी इटालियन कैदी पकडले कसे? दुसऱ्या महायुद्धात मात्र उत्तर आफ्रिकेत शरण आलेले इटालियन सैनिक हजारोंनी हिंदुस्थानात आणले होते. डेहराडून, कांगड्यातलं योल अशा ठिकाणी त्यांच्या मोठ्या छावण्या होत्या. गाइडच्या गोष्टीतलं ‘पहिल्या’ मला तरी पटत नाही.

चिंगी_आजी

अगं बाई! हे त्या गाइडला कुणीतरी सांगायला हवं. नातवाला शाळेच्या प्रकल्पात मी तसंच लिहायला लावलंय, आता दुरुस्त करते.

पाऊसवेडी

आजी, नातवाला सांगा, शोध आजीने लावला :)

गंधाली

सुरंगी, दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत. एक म्हणजे अश्मीभूत खोड. २ कोटी वर्षांपूर्वीचं, तमिळनाडूतल्याच तिरुवक्करैहून आणून ठेवलेलं. लांबून ओंडका वाटतो, जवळ गेलं की कळतं दगड आहे. गाळात गाडल्या गेलेल्या लाकडात पाण्यातली सिलिका झिरपत गेली आणि एकेका पेशीची जागा तिने घेतली. त्यामुळे लाकडाची घडण तशीच राहिली, लाकूड मात्र उरलं नाही. आईंनी शिकवताना पुस्तकात चित्र दाखवलं असेल, इथे समोर आहे.

दुसरं, बागेच्या वरच्या टोकाला तोडा लोकांचा मंड आहे, म्हणजे वस्ती. बागेच्या कितीतरी आधीपासून तोडा या डोंगरावर आहेत. त्यांची पारंपरिक झोपडी अर्ध्या पिंपासारखी गोल पाठीची, बांबू, वेत आणि गवत वापरून केलेली. दार एवढं बुटकं की गुडघ्यावर यावं लागतं. आता बहुतेक कुटुंबं साध्या पक्क्या घरांत राहतात. मंदिर तसंच जुन्या धर्तीचं. तोडांच्या म्हशी आणि दूध हा त्यांच्या धर्माचा गाभा, त्यामुळे मंदिर हे एका अर्थी पवित्र दूधघरच. तिथे आत जायचं नसतं, बायकांनी तर जवळही जायचं नसतं. लोक बागेचंच तिकीट काढून आत आलेले असतात, म्हणून मंडही बागेतलं ‘बघण्याचं ठिकाण’ समजतात आणि सरळ अंगणात शिरून फोटो काढतात. मला ते बघून फार वाईट वाटलं होतं. विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नका.

घ्यायचंच असेल तर तोडा बायकांचं भरतकाम घ्या. पांढऱ्या जाड सुती कापडावर लाल आणि काळ्या दोऱ्याने, कापडाचे धागे मोजत भरतात. रिंग नाही, आधी काढलेली नक्षी नाही. इतकं गच्च असतं की विणल्यासारखं वाटतं. या भरतकामाला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. भाव करत बसू नका, एकेका शालीला आठवडेच्या आठवडे जातात.

मोहोर

गंधाली, अगदी हेच लिहायचं होतं. धन्यवाद.

कातळशिल्प

थोडं अवांतर. उटीचं कौतुक चाललंय ते योग्यच, पण आपल्याकडे दापोडीला १८२८ मध्येच सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं होतं, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात. डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८३८ पासून त्याचा अधीक्षक. जुन्नरजवळ हिवऱ्याला त्याने औषधी वनस्पतींची लागवड केली, पुढे मुंबई इलाख्याच्या जंगलांची जबाबदारीही त्याच्याकडे आली. उटीच्या बागेहून वीस वर्षं जुनी बाग, आणि आज दापोडीत उतरणाऱ्या कुणाला तिची गंधवार्ता नसते. जुनी बाग टिकते ती तिथे पिढ्यानपिढ्या माळी राहिले म्हणून. उटीला ते घडलं.

बखरवाला

कातळशिल्प, महाबळेश्वरचंही त्यात घाला. लिंगमळ्याला सिंकोना लावून पाहिला होता, पण जमला नाही. चार महिने कोसळणारा पाऊस आणि मग आठ महिने कोरडे, सिंकोनाला हे मानवत नाही. नीलगिरीत पाऊस वर्षभरात वाटून पडतो, तिथे तो जगला.

पाऊसवेडी

आता एक वेगळा धागा काढा ना कुणीतरी, महाराष्ट्रातल्या जुन्या बागांवर. मी रोज वाचायला येईन.

खवय्या_नंदू

एवढ्या चर्चेत वर्कीचं नाव नाही? बागेतून बाहेर पडल्यावर बेकरीतली ताजी वर्की घ्या, खुसखुशीत आणि पदर सुटलेली, बरोबर वाफाळता नीलगिरी चहा. झाडांची नावं पाठ करून भूक लागतेच.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. शेवाळाचं ऐकून तिने मला थांबवून दोनदा वाचायला लावलं. ऑक्टोबर ठरला, टूर रद्द. देवराई आणि घाटमाथा, फक्त चढाचं राहिलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाने वरपर्यंत जावं का?

घाटमाथा

खालचा भाग सपाट आहे, तिथे काहीच त्रास नाही. हिरवळ आणि जुन्या वृक्षांपैकी बरेचसे खालीच बघून होतात. काचघर आणि टप्प्यांची बाग यासाठी थोडं चढावं लागतं, रस्ता चांगला आहे, सावकाश होईल. तिथून मंडापर्यंतचा चढ मात्र दमवतो. आणि २२५० मीटरवर धाप नेहमीपेक्षा लवकर लागते, गुडघे ठीक असले तरी. उटीत पोचल्या पोचल्या बागेत जाऊ नका, एक रात्र विश्रांती घेऊन सकाळी जा.

देवराई

सहमत. आईंना वरपर्यंत नेण्याचा हट्ट नको. त्यापेक्षा परतीच्या वाटेवर कुन्नूरचा सिम्स पार्क ठेवा. १८७४ चा, साधारण १७८० मीटरवर, म्हणजे हवा जरा उबदार आणि झाडं वेगळी. रुद्राक्षाचं झाड आहे तिथे. उटीहून लहान आहे आणि माणसंही कमी. पण तिथे बाग खाली उतरत जाते, म्हणजे चढ परत येताना लागतो. प्रवेशद्वाराजवळचाच भाग बघितलात तरी चालेल.

भटका_विजू

आणि उटी ते कुन्नूर गाडीने नको, टॉय ट्रेनने जा. ही रेल्वे १८९९ मध्ये मेट्टुपालयमहून कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत आली. २००५ पासून जागतिक वारसा. दातेरी रुळाच्या आधाराने चढायचा टप्पा कुन्नूरच्या खाली आहे, पण उटी-कुन्नूर टप्पाही सुंदर आणि बसून व्हायचा. आरक्षण मिळेल त्या दिवशी करून टाका, शेवटच्या आठवड्यात काही हाती लागत नाही.

सुरंगी

आजच बघते. सिम्स पार्कचं आईला सांगितलं तर म्हणाली, रुद्राक्षाचं फळ निळं का दिसतं ते तुझ्या त्या देवराईंना माहीत आहे का विचार.

देवराई

:) आईंना सांगा, त्या निळाईत रंगद्रव्य नाही. सालीखालच्या थरांची रचनाच अशी आहे की प्रकाशातला निळा तेवढा परत फेकला जातो, मोरपिसात होतं तसं. म्हणून फळ सुकत आलं तरी निळं राहतं. झाडाखाली पडलेलं सापडलं तर सोलून बघा, आत आपला ओळखीचा रुद्राक्ष.